बियाणांची पेढी आणि तिची वही

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी एक प्रथा पडून गेली आहे. परंतु ते महत्त्व आपणांस पटलेले नसते, तर आजचा दुकानधंदा, शेतीचे काम बाजूला ठेवून आपण येथे आलाच नसता. म्हणून पटलेली गोष्ट पुन्हा पटविण्यात वेळ न दवडता, शिकलेल्या माणसाची जेथे खरोखर गरज आहे अशा एका कामाची ओळख आज मी करून देणार आहे. हे काम शेतीचे आहे, विज्ञानाचे आहे, संगणकाचे आहे आणि थोडेफार मुनीमजींचेही आहे. ते काम म्हणजे बियाणांच्या पेढीची वही लिहिणे व ती सुरक्षित राखणे.

पैशांची पेढी आपण जाणतो. बियाणांची पेढी म्हणजे काय? आपल्या कोकणात पुढच्या पेरणीचे भात पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवीत. देशावर कणगीत राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ज्वारीचे बी राखीत. पोरांची उपासमार झाली तरी बियाणाला हात लावायचा नाही, हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा दंडक असे. हेच काम मोठ्या प्रमाणावर आणि शास्त्रीय रीतीने जेथे चालते, तिला बियाणांची पेढी किंवा जनुकपेढी म्हणतात. तेथे बी आधी नीट वाळवितात. मग हवा व ओल आत शिरणार नाही अशा पाकिटात ते बंद करतात आणि शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सियस इतक्या थंडीत ठेवतात. अशा थंडीत बी झोपी जाते. काही पिकांचे बी कित्येक दशके जिवंत राहते. आपल्या देशाची अशी राष्ट्रीय पेढी नवी दिल्लीला आहे. ती चालविणारी राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरो ही संस्था १९७६ साली स्थापन झाली. आज तिच्यापाशी साडेचार लाखांच्या आसपास नमुने आहेत.

एवढ्या नमुन्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याला एक उदाहरण देतो. १९७० च्या सुमारास आग्नेय आशियात भातावर एक विषाणुरोग पसरला. रोप खुरटे राही, गवतासारखे माजे आणि त्याला लोंबी येत नसे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या पेढीतील सहा हजारांहून अधिक नमुने एकामागून एक तपासले. त्यांत या रोगाला दाद न देणारा अवघा एक नमुना सापडला, आणि तोही लागवडीचा भात नव्हता. तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानभात होता. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून टाकतो, असे ते गवत. त्या रानभाताचा गुण घेऊन पुढे जे वाण तयार झाले, त्यांतील 'आय. आर. ३६' हे वाण १९७६ साली प्रसारित झाले आणि पुढे जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर पेरले गेले.

आता विद्यार्थी मित्रांनो, या हकिकतीतला एक बारकावा तुम्ही लक्षात घ्या. सहा हजार पाकिटांतून एक पाकीट निवडले, ते डोळ्यांनी ओळखून नव्हे. भाताचा दाणा आपल्या अंगातला गुण बाहेर सांगत नाही. प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक होता. त्या क्रमांकासमोर वहीत लिहिले होते की, हा नमुना कोणी, कधी, कोठून आणला. चाचणीचा निकालही त्याच क्रमांकासमोर लिहिला गेला. मधल्या एखाद्या कारकुनाने दोन क्रमांकांची अदलाबदल केली असती, तर रोगाला उत्तर सापडूनही ते हातातून निसटले असते. थोडक्यात सांगावयाचे तर, पेढीत बी असते आणि त्या बियाचा अर्थ वहीत असतो.

वहीवाचून बियाची काय दशा होते, हे अफगाणिस्तानात दिसले. तेथील यादवीच्या काळात शास्त्रज्ञांनी देशी वाणांचे नमुने गझनी आणि जलालाबाद येथील घरांत दडवून ठेवले होते. २००२ साली तज्ज्ञ तेथे पोहोचले, तेव्हा घरे लुटली गेलेली होती. लुटारूंना बियाण्याशी काहीच कर्तव्य नव्हते, त्यांना हव्या होत्या काचेच्या व प्लास्टिकच्या बरण्या. बी त्यांनी जमिनीवर ओतून दिले आणि बरण्या घेऊन ते गेले. डाळीचा दाणा कोणत्या खोऱ्यातला, गहू कोणत्या डोंगरावरचा, हे सांगणारी चिठ्ठी बरणीबरोबर गेली. मागे उरले ते नुसते धान्य.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. सोव्हिएत रशियात निकोलाय वाविलोव्ह या थोर शास्त्रज्ञाने देशोदेशी हिंडून लाखो नमुने लेनिनग्राडला जमविले होते. तो हिंडला तेथे तेथे त्याने नुसते बी उचलले नाही; प्रदेश, उंची, हवामान यांची टिपणे केली. राजकीय रोषामुळे १९४० साली त्याला अटक झाली, आणि ज्याने जगाची भूक भागविण्याचा ध्यास घेतला, तो १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावला. त्याच काळात लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. संस्थेतील काही सेवक भातावर आणि भुईमुगावर पहारा देता देता भुकेने मेले. परंतु संग्रहाला त्यांनी तोंड लावले नाही. आपल्या बोलीत ज्याला आपण अमानत म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?

परंतु प्रत्येक पिढीकडून प्राण देण्याची अपेक्षा करणे योग्य नव्हे. व्यवस्था अशी असली पाहिजे की, साधा, पगारी, कधी थकलेला असा माणूसही अमानत नीट राखू शकेल. अशी व्यवस्था आज संगणकावर उभी करता येते. ती कशी उभी करावी, हे जरा तपशिलाने सांगतो. कारण विज्ञान आणि वाणिज्य या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना त्यात घेण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट क्रमांकाची. प्रत्येक नमुन्याला एकच क्रमांक द्यावयाचा आणि तो पुन्हा दुसऱ्या कोणाला द्यावयाचा नाही, नमुना मेला तरीही नाही. मृताचे नाव घरात दुसऱ्या बाळाला ठेवता येते, परंतु क्रमांकाचे तसे नसते. शिवाय क्रमांकातच पिकाचे किंवा गावाचे नाव गुंफण्याचा मोह टाळावा. उद्या तज्ज्ञांनी त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव बदलले, तर क्रमांक खोटे बोलू लागेल.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. माणसाला जसा पासपोर्ट, तसा नमुन्यालाही असतो. शास्त्रज्ञ त्याला पासपोर्टच म्हणतात. पिकाचे शास्त्रीय नाव, लोकांतले नाव, गोळा करणारा, दिनांक, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, बी शेतातले की रानातले, शेतकऱ्याकडून घेतले की बाजारातून, एवढे त्यात हवे. कोणी म्हणेल, गावाचे नाव पुरे. तर मग पाहा, कोणी नुसते 'कर्जत' असे लिहून ठेवले. एक कर्जत रायगड जिल्ह्यात आहे. तेथे धो धो पाऊस आणि भाताचे संशोधन केंद्र. दुसरे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. तेथे पावसाची सदा वाट पाहावी लागते. अकोला आणि अकोले यांचे तेच. एक वऱ्हाडातला जिल्हा, दुसरा सह्याद्रीच्या कुशीतला तालुका. दुष्काळाला तोंड देणारे वाण शोधणाऱ्याला या एका मात्रेच्या फरकाने शेकडो मैल चुकीच्या दिशेला पाठविता येईल. म्हणून संगणकाच्या तक्त्यात गावाचे नाव हाताने टाईप करू देण्याऐवजी ते जिल्हा व तालुक्याच्या यादीतून निवडावयास लावतात.

तिसरी गोष्ट शिलकेची. येथे मुनीमजींचा अनुभव कामी येतो. एका नमुन्याचे बी अनेक हंगामांत वाढविलेले असते. प्रत्येक हंगामाचा साठा वेगळा धरावा लागतो: कोणत्या खोलीत, कोणत्या मांडणीवर, कितव्या कप्प्यात, किती दाणे, आणि शेवटच्या तपासणीत शंभरातले किती उगवले. पैसा तिजोरीत ठेवला तर तो मरत नाही. बी मात्र थंडीतही हळूहळू म्हातारे होते. साठविताना बहुतेक पिकांत शंभरातले निदान ८५ दाणे उगवावेत, असा जागतिक अन्न व शेती संघटनेचा दंडक आहे. पुढे ही शक्ती ठराविक मर्यादेखाली उतरली, तर ते बी पुन्हा पेरून ताजे करावे लागते. लाखो पाकिटांपैकी कोणाची तपासणी यंदा आली, हे एकाही माणसाच्या स्मरणात राहणार नाही. संगणकाने ते आपण होऊन सांगितले पाहिजे. पाकिटावर पट्ट्यांचा छापील संकेत असतो. किराणा दुकानात वस्तू यंत्राखाली धरताच बिल होते, त्याच तऱ्हेने येथे पाकीट यंत्राखाली धरताच त्याची सारी कुंडली पडद्यावर येते आणि हाताने आकडे उतरविताना होणाऱ्या चुका टळतात.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. सुरक्षितता म्हटली की, आपल्या डोळ्यांसमोर कुलूप येते. परंतु माहितीच्या सुरक्षिततेला तीन अंगे असतात. नको त्याला ती दिसू नये, ही गुप्तता. कोणी गुपचूप बदलू नये, ही शुद्धता. आणि हवी तेव्हा ती मिळावी, ही उपलब्धता. पैशांच्या पेढीत गुप्ततेला पहिला मान असतो. बियाणांच्या पेढीत, माझ्या मते, शुद्धतेला तो द्यावा लागेल. चोरीला गेलेली माहिती निदान मूळ जागी शिल्लक असते. बिघडलेली माहिती मात्र खरी समजून पुढची पिढी वापरीत राहते.

म्हणून चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक सेवकाचे नाव व परवलीचा शब्द वेगळा असतो आणि तो शेजाऱ्याला उसना दिला जात नाही. प्रयोगशाळेतील सहायक उगवणीचा आकडा भरू शकतो, परंतु ओळखपत्र बदलू शकत नाही. प्रमुखाला ओळखपत्र दुरुस्त करता येते, परंतु जुनी नोंद पुसता येत नाही. जुनी नोंद खाली तशीच राहते, वर नवी चढते, आणि कोणी, कधी, का बदलले हे तिच्याशेजारी लिहिले जाते. जुन्या हिशेबनीसांचा नियम हाच होता: खाडाखोड नको, चुकीवर एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही करा.

गुप्ततेलाही जागा आहेच. एखादी दुर्मिळ औषधी वनस्पती कोणत्या कड्यावर उगवते, हे अक्षांश-रेखांशासह जगजाहीर केले, तर तस्कर तेथे शास्त्रज्ञांच्या आधी पोहोचतील. अशा नोंदीत लोकांना फक्त जिल्हा दाखवितात आणि नेमकी जागा जबाबदार माणसांपुरती ठेवतात. रुग्णालयातून जेथे माणसांच्या रक्ताचे व पेशींचे नमुने साठवितात, तेथे तर हा नियम कितीतरी कडक असावा लागतो. कारण तेथे नोंदीमागे एक कुटुंब असते.

आता उपलब्धता. १९७७ साली स्थापन झालेल्या इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पेढी सीरियात हलब शहराजवळ होती. गहू, सातू, मसूर, हरभरा यांचा तेथे जगातला एक मोठा संग्रह होता. हे शहर आणि त्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे जेथे माणसाने प्रथम शेती केली, त्या प्रदेशाचा भाग. तेथे युद्ध पेटले. परंतु त्या संस्थेने आपल्या नमुन्यांचे जोडसंच आधीच इतरत्र पाठविले होते. त्यांतील मोठा भाग नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील डोंगरात, २००८ साली उघडलेल्या जागतिक बीजकोठारात होता. २०१५ साली संस्थेने त्यांतील सुमारे ३८ हजार नमुने परत मागविले, लेबनॉन आणि मोरोक्को येथे पेरले, वाढविले आणि २०१७ पासून त्यांचे ताजे बी पुन्हा त्या कोठारात नेऊन ठेवले. त्या कोठाराचा नियमही ध्यानात घ्यावा: पेट्या बंद असतात, बियाची मालकी ठेवणाऱ्याचीच राहते, आणि त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाला पेटी उघडता येत नाही.

परंतु नुसत्या पेट्या परत आल्या असत्या आणि कोणत्या पेटीत काय, ही यादी हलबच्या संगणकातच राहिली असती, तर काय झाले असते? म्हणून जोडसंच जसा बियाचा, तसा वहीचाही हवा. जाणकारांचा साधा नियम असा: माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि निदान एक प्रत दूरच्या गावी. आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहावे. न उघडणारी प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

वही नीट नसल्याचा तोटा केवळ युद्धातच होतो असे नाही. अन्न व शेती संघटनेच्या २०१० च्या अहवालाप्रमाणे जगातील पेढ्यांत मिळून सुमारे ७४ लाख नमुने होते. परंतु त्यांतले खरोखर भिन्न असे २५ ते ३० टक्केच असावेत, असा अंदाज त्याच अहवालात आहे. बाकीच्यांत मुद्दाम राखलेले जोडसंच आहेत, तशीच एकच वस्तू निरनिराळ्या नावांनी ठिकठिकाणी नकळत सांभाळली जात असल्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत. पेढ्यांच्या वह्या एकमेकींशी बोलत नसत, हे त्याचे एक कारण. आता त्यासाठी समान नमुन्याचे रकाने ठरले आहेत, आणि अनेक पेढ्यांची माहिती एकत्र पाहण्याची सोयही झाली आहे.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. ही वही कोणाची? डॉ. रिछारिया यांनी छत्तीसगडच्या गावोगावी हिंडून भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले होते. तो संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. २००२ साली एका परदेशी कंपनीबरोबर त्या संग्रहाच्या वापराबाबत करार होऊ घातला, तेव्हा शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी आवाज उठविला आणि कंपनीने माघार घेतली. बी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले. मग त्याचा लाभ कोणाला, हा तो प्रश्न होता. २००१ साली आपल्या देशात वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा झाला, आणि २००२ साली जैवविविधतेचा. हे कायदे शेतकऱ्याचा हक्क मानतात. परंतु हक्क सांगावयास नोंद लागते. हे वाण आमच्या गावात आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे, असे तोंडाने म्हणून भागत नाही. वहीत नाव नसेल, तर वारसही उपरा ठरतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी ज्यांनी खेटे घातले आहेत, त्या पालकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे खेडे आहे. तेथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी देशी भाजीपाला, कडधान्ये व भात यांचे बी जमवून पेढी उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. कोणते बी केव्हा पेरावे, कोणते किती दिवसांत येते, हे सारे त्यांच्या स्मरणात असे. बायफ या संस्थेच्या साह्याने त्या कामाला व्यवस्थेची जोड मिळाली. म्हणजे ज्ञान अनुभवी हातांत होते आणि नोंदीला शिकलेले हात मिळाले. या दोहोंची गाठ पडली म्हणून ते टिकले.

आणि येथे माझ्या बोलण्याचा रोख आपल्याकडे वळतो. आपल्या घरोघरी अशा आज्या, नान्या, दादीमाँ आहेत. लाल भाताची पेज कोणत्या भाताची चांगली, परसातला कोणता वाल किडत नाही, कोणती मिरची वाळवणाला टिकते, हे त्यांना ठाऊक आहे. पण कोठे लिहिलेले नाही. एकेक जनाजा उठतो, त्याबरोबर एकेक वही न लिहिताच मिटते. घरात शिकणारी मुलगी असेल, तर ही वही तिच्या हाती द्या. ती नववी-दहावीत असली तरी पुरे.

विद्यार्थी मित्रांनो, यंदा एक काम करून पाहा. शाळेत एक जाडी वही घ्या. तिच्यात रकाने आखा: क्रमांक, पिकाचे नाव, घरातले नाव, बी कोणी दिले, गाव-तालुका-जिल्हा, दिनांक, त्या माणसाने सांगितलेले गुण, नोंद करणाऱ्याची सही. देणाऱ्याची परवानगी विचारा आणि त्याचे नाव लिहा. मूठभर बी सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत ठेवा. बाटलीवर क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून आतही टाका, म्हणजे बाहेरचा कागद निघाला तरी ओळख जाणार नाही. वर्षाने शंभर दाणे ओल्या फडक्यात घालून किती उगवले ते मोजा आणि लिहा. वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मग हीच वही शाळेच्या संगणकावर चढवा. ज्याला पुढे वनस्पतिशास्त्र, संगणकशास्त्र, ग्रंथालयशास्त्र किंवा हिशेबशास्त्र शिकावयाचे आहे, त्याचा पहिला धडा त्या वहीत होऊन जाईल.

पालकांना एवढीच विनंती करीन की, मुलगा डॉक्टर किंवा इंजिनियर झाला तरच शिकला, असे मानू नका. जगात अशी पुष्कळ कामे आहेत, ज्यांची नावे आपल्या मोहल्ल्यात कोणी ऐकलेली नाहीत. आणि त्यांत काळजीपूर्वक लिहिणाऱ्या, खोटे न लिहिणाऱ्या माणसांची सदैव टंचाई आहे. अक्षर वळणदार असावे, असा आपल्या शिक्षकांचा आग्रह असतो. ते अक्षर खरेही असावे, एवढी त्यात भर घालून मी आपली रजा घेतो.